कप तुमचा, तुरुंग कुणाचा?

दातवाल्याला खरं नाव होतं, पण भट्टी क्लबच्या स्टँडात ते कुणालाच माहीत नव्हतं. तो डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायचा, म्हणून दातवाला. आठवडाभर मेणात दात बसवायचे आणि मॅचच्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडायचं, असा त्याचा संसार. बायको म्हणायची, "माझ्याशी लग्न करताना क्लबला विचारलं होतंत का?" तो म्हणायचा, "विचारायची वेळच आली नाही. त्या दिवशी मॅच नव्हती."

शहरात फुटबॉल क्लब दोन, भट्टी आणि बंदर. दोघेही वर्षानुवर्षं सारखेच रडतखडत खेळायचे, त्यामुळे भांडणाला चव होती. मग दूरदेशीच्या एका गडगंज राज्याच्या सरकारनं बंदर क्लब विकत घेतला आणि चव गेली. नवं स्टेडियम उभं राहिलं, कुठून कुठून खेळाडू आले, बंदरवाले कपामागून कप उचलायला लागले. भट्टीवाले मार खाऊन घरी यायचे.

दातवाल्याला सगळ्यात जास्त झोंबायचे ते थोरले साडू. साडू बस चालवायचे आणि कळायला लागल्यापासून बंदरवाले. ते कधी चिडवायचे नाहीत, हेच वाईट. बंदर जिंकून आलं तरी शांतपणे विचारायचे, "काय रे, जेवलास का?"

मैदानात काही चालत नाही म्हटल्यावर दातवाल्यानं दुसरं हत्यार शोधलं. त्या राज्यात सरकारविरुद्ध चकार शब्द काढला की माणूस आत जातो, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. जुन्या चादरी जोडून त्यानं एक लांबलचक फलक रंगवला: 'कप तुमचा, तुरुंग कुणाचा?' पुढच्या मॅचला तो फडकला, टीव्हीवर दिसला, आणि भट्टीवाल्यांनी दातवाल्याला खांद्यावर घेतलं. मॅच हरले, पण त्याचं कुणाला काय!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ताई त्याच्या टेबलापाशी आल्या. ताई पॉलिशच्या मशीनवर बसायच्या. त्या दुसऱ्या देशातून आलेल्या आहेत एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या, ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, दातवाल्यानंही नाही. गॉगल कपाळावर सरकवलेला, हातात अर्धी चकाकलेली कवळी.

"तो फलक तुम्ही केलात?"

"मग! कसा वाटला?" दातवाला फुगलाच.

"माझा धाकटा भाऊ आहे तिथे. त्याच तुरुंगात."

दातवाल्यानं हातातलं मेण खाली ठेवलं. ताई सांगत राहिल्या. भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. शाळेला पाणी येत नाही एवढंच त्यानं कुठेतरी लिहिलं होतं. "आम्ही काही जण रविवारी त्या सरकारच्या इथल्या कचेरीसमोर फोटो घेऊन उभे राहतो. लोक बघतात आणि जातात. तुम्ही मात्र एवढ्या गर्दीसमोर ते बोललात." त्यांचे डोळे भरून आले. "एकदा याल?"

"येणार म्हणजे येणारच, ताई."

बोलताना ते खरंच होतं. पण त्या रविवारी मॅच होती. त्यानंतरच्या रविवारी अंग मोडून आलं. पुढे पुढे त्यानं स्वतःला कारण सांगणंही सोडून दिलं. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. आपला चहा करताना त्या त्याचाही कप टेबलावर आणून ठेवायला लागल्या, तो मुकाट्यानं प्यायचा.

ताईंचा भाऊ मात्र त्याच्या कामी आला. तो आणि बायको साडूंकडे जेवायला गेले असताना टीव्हीवर बंदरचा गोल झाला. साडू नुसते हसले. दातवाल्याचा ताबा सुटला.

"हसा, साडूभाऊ, हसा! आमच्या लॅबमधल्या बाईचा भाऊ तुमच्या मालकांच्या तुरुंगात सडतोय. शाळेत पाणी नाही म्हणाला, एवढाच गुन्हा. त्याच्या जिवावर तुमचा गोल."

साडूंचा घास हातातच राहिला. "अरे, खेळ वेगळा, राजकारण वेगळं," ते कसंबसं म्हणाले. मग म्हणाले, "कोण बाई? कुठे उभ्या राहतात त्या?"

दातवाल्यानं सांगून टाकलं. घरी येताना बायको म्हणाली, "दुसऱ्याचं दुःख असं ताटात वाढतात का हो?" पण त्याला वाटत होतं, आज कधी नव्हे ते आपण जिंकलो.

पुढच्या मोसमात भट्टी क्लब विकला जाणार अशी बातमी आली. घेणारं तसलंच दुसरं राज्य, पहिल्याच्या शेजारचं. तिथले तुरुंगही काही निराळे नव्हते. पण आता आपल्याकडेही कप येणार! दातवाला लॅबमध्ये स्टुलावर चढून नाचला. प्लॅस्टर कालवणाऱ्यानं सहज विचारलं, "का रे, आता यांचे तुरुंग?"

"हे बघ," दातवाला म्हणाला, "खेळ वेगळा, राजकारण वेगळं."

सगळे हसले. तो स्टुलावरून उतरायला वळला, तर मागे ताई उभ्या. हातात त्याचा चहा. त्यांनी कप टेबलावर ठेवला, अगदी रोज ठेवायच्या तसाच, आणि विचारलं, "वरच्या दातांना चकाकी किती आणायची? पेशंटचं वय जास्त आहे."

त्यानं सांगितलं. कानशिलं तापली होती. चहा पिववेना आणि ओतूनही टाकवेना. ताई रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर त्यानं भांडून घेतलं असतं. पुढचे दिवस तो मान खाली घालून मेण कोरत बसला, आणि दात वाकडे बसत राहिले.

रविवारी तो गेला. कचेरी बंद होती, समोरच्या फुटपाथवर मोजकी माणसं फोटो धरून उभी होती. त्यात साडू. बस चालवतानाचाच कोट अंगात, हातात भूगोलाच्या मास्तरांचा फोटो.

"साडूभाऊ, तुम्ही?"

"तू त्या दिवशी सांगितलंस, मग झोप लागेना," साडू हळूच म्हणाले. "तेव्हापासून सुट्टी असली की येतो."

"मग क्लब सोडलात?"

"सोडवत नाही रे. गोल झाला की अजून ओरडतो. मग इथे येऊन उभा राहतो. दोन्ही एकाच माणसानं कसं करायचं, ते काही कळत नाही."

ताईंनी त्याला पाहिलं. "आलात? बरं झालं," म्हणाल्या आणि त्याच तुरुंगातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो त्याच्या हातात दिला. टोमणा नव्हता. तो शोधत होता, पण नव्हताच.

थोड्या वेळानं कोपऱ्यावरून गाणं ऐकू आलं. भट्टीवाले. क्लब विकला जाणार या आनंदात मफलर उडवत निघाले होते, त्याला खांद्यावर घेतलेले तेच सगळे. दातवाल्यानं काही विचार केला नाही, फोटो वर गेला. छातीवरचा फोटो त्यानं तोंडासमोर धरला आणि त्याच्या आड श्वास रोखून उभा राहिला. गाणं अगदी समोर आलं, कुणीतरी शीळ घातली, मग गाणं पुढे गेलं.

"दादा, इतका उंच नका धरू," बाजूनं ताई मायेनं म्हणाल्या. "हात दुखतील. खाली धरा."

त्यानं फोटो खाली घेतला. त्याच्याच्यानं ताईंकडे बघवेना. साडूंनी मात्र सगळं पाहिलं होतं.

परतताना दोघं बसस्टॉपपर्यंत बरोबर चालले. स्टॉप दिसल्यावर साडू म्हणाले, "पहिल्या दिवशी आमच्या डेपोतला एक जण समोरून आला. मी फोटो सरळ कोटात घातला होता."

दातवाल्यानं मान हलवली. साडूंनी हे सांगायला नको होतं असं त्याला वाटलं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. बस आली. साडूंनी त्याला आधी चढू दिलं, आणि तो खिडकीपाशी जाऊन बसला, बाहेर बघत, म्हणजे तोंड कुणाला दिसू नये.