करंजीवरचे हात

नायगावच्या बीडीडी चाळीतली माणसं आता टॉवरमध्ये जाणार होती. त्याआधी चाळीतल्या माणसांचे फोटो काढून प्रदर्शन भरवायचं, असं आकांक्षा आणि विनीतनं ठरवलं. दोघं कॉलेजात शिकत, एकाच मजल्यावर राहत. कॅमेरा विनीतच्या मामाचा.

पहिल्या रविवारचे सगळे फोटो वाया गेले. कॅमेरा बघितला की बायका पावडर लावून येत. गिरणीतून निवृत्त झालेले गुणाजी तात्या तर मुलाच्या लग्नातला कोट घालून, श्वास रोखून उभे राहिले.

"आधार कार्डाचं शिबिर वाटतंय यार," विनीत फोटो बघत म्हणाला.

"चेहरे नकोतच," आकांक्षा म्हणाली. "नुसते हात घेऊ, काम करणारे. खाली नावही नको."

ही युक्ती चालली. तात्यांनी तुटलेल्या दोऱ्याला डोळे मिटून गाठ मारून दाखवली. कुणी गजरे गुंफले, कुणी शिलाई मशीन चालवलं. राहिल्या जाईबाई. दिवाळी तोंडावर आली होती आणि मुरडीची करंजी म्हणजे जाईबाईंची, हे शेजारच्या चाळींनाही ठाऊक होतं. त्यांचं ताट घरात आलं की सुनांना ऐकावं लागे, "बघ, मुरड कशी असते ती!"

आकांक्षा गेली तर भरदुपारी दार बंद. चाळीत दुपारी दार कोण लावतं? तिनं हाक मारली. आत भांडी आपटली. दार बोटभर उघडलं, तेवढ्यात ती आत शिरलीसुद्धा.

जाईबाईंच्या हातात पेपर होता. पाटासमोर बनियनवर बसले होते त्यांचे यजमान शामराव, निवृत्त हवालदार. मिशीला मैदा, हातात अर्धी मुरडलेली करंजी.

"बाहेर बोललीस तर याद राख," शामराव गुरकावले.

"काका, तुम्ही करता?"

"लग्न झाल्यापासून," जाईबाईच म्हणाल्या. "माझ्या तेलात फुटतात गं. पहिल्याच दिवाळीला हे म्हणाले, सरक. लोकांनी कौतुक केलं माझं. तेव्हा लाजेनं बोललो नाही, मग बोलायचं राहूनच गेलं."

"आणि साहेबांना कळलं असतं, तर मला कायमचा मेसमध्ये टाकला असता," शामराव म्हणाले.

आकांक्षानं फार गळ घातली. शेवटी, तोंड दिसता कामा नये या अटीवर ते तयार झाले. फोटो सुंदर आला.

पुढच्या रविवारी गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्या बांधून, चिमट्यांनी फोटो लावले. जो तो आपले हात शोधू लागला. गजऱ्याच्या हातांवर तर दोघींनी हक्क सांगितला. मग करंजीपाशी गर्दी झाली.

"जाईबाई! दुसरं कोण असणार?"

तात्यांची सून ऋता वाकून बघत होती. "पण काकूंच्या मनगटावर एवढे केस आहेत?"

सगळे वळले. जाईबाईंनी हात पदराखाली घेतले. आकांक्षाला वाटलं, आत्ताच जमीन दुभंगावी.

शामराव पुढे आले आणि कोर्टात साक्ष द्यावी तसे ताठ उभे राहिले. "हात माझे. करंज्याही माझ्या, सगळ्या दिवाळ्यांच्या. हिला कुणी काही बोलायचं नाही."

 ऋतानं नवऱ्याकडे, दौलतकडे पाहिलं. तिच्या सासूनं तात्यांकडे पाहिलं. बघता बघता गॅलरीतली प्रत्येक बाई आपापल्या माणसाकडे बघू लागली.

"शामराव," तात्या हळूच म्हणाले, "इतकी वर्सा गप रवलंस, आजच काय झाला तुका?"

त्याच आठवड्यात सहा पुरुष गॅलरीत पाट मांडून बसले. शामराव परेडच्या आवाजात शिकवत होते. "चिमूट धर! दुमड! पुढे! दौलत, लक्ष कुठाय?" तात्यांच्या पहिल्या चार करंज्या तेलात फुटल्या. विनीतच्या हातातला कॅमेरा हसून हसून हलत होता.

जाईबाई खुर्चीवर आरामात बसल्या होत्या. त्यांनी शामरावांची एक करंजी उचलली, चावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खोबरं जास्त भाजलंय. दरवर्षी भाजता."

शामराव चाट पडले. "मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"तुम्ही रुसून उठला असता म्हणजे? मग करंज्या कुणी केल्या असत्या?"

शामरावांनी करंजी मोडून सारण तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं.

"भाजलंय खरं जास्त," ते म्हणाले.