सुनेचा चिमटा

अग्निशमन दलाच्या भरतीच्या दिवशी सुनेची मदतनीस रजेवर होती, म्हणून तिने मला नेलं. ती उमेदवारांच्या अंगातली चरबी मोजणार आणि मी आकडे लिहिणार. चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या केल्या असूनही निघताना मी दोनदा विचारलं, "माझ्याकडून चूक झाली तर?"

"बाबा, ज्याला चुकायची भीती असते तोच नीट लिहितो. चपला घाला."

मोजणीचं मुख्य काम यंत्राचं होतं. अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या. अंगातून जाणवणारही नाही इतकी वीज जाते आणि चरबीचा टक्का कागदावर छापून येतो. बायकांना मर्यादा तीसची. त्यावर गेलेल्या उमेदवाराने हरकत घेतली, तरच सुनेच्या चिमट्याकडे यायचं.

दुपारपर्यंत एकच जण आली. रुंद खांद्यांची, जाड दंडांची. बाकीच्या मुली तिला रणगाडा म्हणत होत्या. सकाळी ऐंशी किलोचा पुतळा पाठीवर घेऊन ती सर्वांच्या आधी जिना चढली होती. यंत्राने तिला तेहेतीस टक्के दिले होते.

"मॅडम, पुढच्या महिन्यात माझं भरतीचं वय उलटतंय," ती म्हणाली. "आज गेलं की गेलंच."

सून तिला पडद्याआड घेऊन गेली. मी अलीकडे, पाठ करून टेबलाशी बसलो. दंडामागची, कंबरेवरची आणि मांडीवरची कातडी चिमटीत उचलायची, तिला चिमटा लावायचा, दोन सेकंद थांबून काट्यावरचे मिलिमीटर वाचायचे. सून आकडा सांगणार, मी तो मोठ्याने म्हणून लिहिणार, अशी तिची शिस्त. तीन जागा झाल्या की पुन्हा पहिलीपासून, असं तीनदा.

"दंड बावीस."

"बावीस."

मध्येच सून थांबली. "ताई, ओठ किती सुकलेत तुझे! पाणी कधी प्यायलीस?"

"काल संध्याकाळी. आमच्या क्लासचे सर म्हणाले, पाणी तोडा, वजनकाट्यावर हलक्या भराल."

"काट्यावर भरशील गं. पण ते यंत्र चरबी बघतच नाही. वीज किती सहज गेली तेवढं बघतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. अंगात पाणी कमी असलं की वीज अडखळते. यंत्राला वाटतं, चरबीच अडवतेय."

 मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे मी तहानेनं स्वतःलाच जाड केलं?"

"कागदावर. आता आधी पाणी पी."

प्रत्येक जागेची सरासरी काढून तिन्ही जागांची बेरीज त्र्याहत्तर भरली. सुनेच्या तक्त्यात तिचा अर्थ अठ्ठावीस टक्के होता. मला इतका आनंद झाला की मी बेरीज चौथ्यांदा तपासली.

भरतीचे साहेब मात्र कागद बघून हसले. "लाखाचं यंत्र खोटं आणि हा चिमटा खरा? मॅडम, दया आली असेल तर तसं सांगा."

सून चिडली नाही. "बाबा, तो कागद उलटा ठेवा. नवा घ्या." तिने मुलीला पुन्हा पडद्याआड नेलं, मापाच्या जागांवर पेनाने केलेल्या खुणा पुसल्या, नव्याने केल्या आणि पहिले आकडे न बघता पुन्हा सगळं मोजलं.  दुसरी बेरीज साडेत्र्याहत्तर. कोणाच्या तरी हातात इतकी साधना इतक्या मुकाटपणे बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तीही आपल्याच घरात.

साहेबांचा चेहरा उतरला. "ठीक आहे. हात पक्का आहे तुमचा. पास लिहा."

"हात पक्का आहे एवढंच सिद्ध झालं, साहेब," ती म्हणाली. "एकच चूक दोन्ही वेळा तितक्याच सफाईने होऊ शकते. चिमट्यातही तीन-चार टक्के इकडेतिकडे होतात. अठ्ठावीस म्हणजे एकतीसही असू शकतं."

मी डोळे मिटून घेतले. पदरात पडत असलेलं दान बाईने स्वतःच्या हाताने सांडलं!

"मग मी करू काय?" साहेब कावले.

"यादी आज लावू नका. हिला इस्पितळातल्या स्कॅनला पाठवा. आडवं झोपवून क्ष-किरणांनी मोजतात. तेही देववाणी नाही, पण तुमच्या यंत्रापेक्षा आणि माझ्या चिमट्यापेक्षा बरं. आणि जाताना पाणी पिऊन जायचं."

"नियमात आहे का हे?"

इथे माझ्या तोंडून आवाज निघाला, कसा ते मला अजून कळलेलं नाही. सकाळपासून नियमांची पुस्तिका मी सवयीने दोनदा वाचली होती. "पान नऊ," मी म्हणालो. "दोन मापांपैकी एक मर्यादेच्या वर आणि एक खाली आलं तर तिसरं माप घ्यावं. बहुतेक... म्हणजे, तसंच आहे."

साहेबांनी पान उघडलं, वाचलं आणि यादी फायलीत परत ठेवली. "आजोबा, तुम्ही मॅडमचे वडील का?"

"सासरे," मी म्हणालो.

सोमवारी स्कॅनचा कागद आला. साडेएकोणतीस. मुलगी भरती झाली. फोनवर ती इतकी ओरडत होती की सुनेने फोन कानापासून हातभर लांब धरला.

मी म्हणालो, "जिंकलीस!"

"ती जिंकली, बाबा. मी दीडने चुकले." वही उघडून तिने तारखेपुढे लिहिलं, 'दीड कमी. मांडी चुकली?' आणि मला खुर्चीत बसायला सांगून पायजमा मांडीपर्यंत वर घ्यायला लावला.

"माझी मांडी कशाला?"

"सराव. हलू नका. आकडा तुम्हीच मोठ्याने म्हणायचाय."