कुलाब्याचं चर्च बघायचं राहिलं

रखवालदाराने दोनदा नको म्हणूनही आईने चपला काढल्याच. काढून त्या दारापाशी ठेवल्या नाहीत. पिशवीतल्या वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरल्या.

"राहू द्या की बाई पायात," म्हातारा म्हणाला. "आमच्यात चालतं."

"तुमच्यात चालत असेल," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात, "चपला काढायला लावत नाहीत. म्हणजे आत काय प्रकार असेल बघ."

प्रकार काही नव्हता. दार सताड उघडं होतं आणि आतून गारवा येत होता. कुलाब्याच्या टोकाला, लष्करी वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, झाडांच्या मागे ते चर्च उभं होतं. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. टोकदार कमानी, आभाळात घुसलेला मनोरा, रंगीत काचांच्या अरुंद खिडक्या. गॉथिक बांधणीबद्दल मी जे पुस्तकांत वाचलं होतं ते सगळं समोर दगडात होतं. एरवी मला आनंद झाला असता. त्या दिवशी मी फक्त आईचा हात धरून उभी होते. लांबून चर्च बघायला आलोय, असं मी रखवालदाराला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

माझे वडील, नाना, जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले होते. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत चिकटले ते शेवटपर्यंत तिथेच राहिले. कारखान्याच्या कामासाठी वर्षातून काही वेळा त्यांना कुलाब्याच्या एका गोदामात जावं लागे. त्या दिवशी ते उशिरा परत येत आणि दमलो म्हणून लवकर निजत. बाकी त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही. सोमवारी आईबरोबर ते शिवमंदिरात जात. ती पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाई आणि हे बाहेर भिंतीवरच्या मूर्ती बघत राहत. आई वर आली की म्हणत, "ही बघ, मान कशी वळवलीय." आई म्हणे, "चला, दुधवाला येऊन जाईल."

दहाव्याला श्रीपादकाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, आणि बाकीची पुरुष मंडळी बदलापूरला नदीवर गेली. बायका जात नाहीत. त्यामुळे तिथे घडलेलं आम्हाला काकांच्या तोंडूनच कळलं. पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं असतं आणि ते पुरं करू म्हणून शब्द द्यायचा असतो. काकांनी एकेक म्हणून पाहिलं. मालूचं लग्न आम्ही करू. वहिनीला अंतर देणार नाही. कुलदेवाला जाऊन येऊ. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं, आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मागून हिरामण बोलला. तो चामटोलीचा, नानांच्या स्टोअरमध्ये हमाल. दुपारचा डबा दोघे जवळजवळ बसून खात.

"सायबांना कुलाब्याचा चर्च बगाचा राह्यलाय," तो म्हणाला. "मालूताईंच्या आयला घेऊन जायाचा व्हता."

काकांना राग आला. तरी नाइलाजाने ते म्हणाले, बरं, वहिनीला दाखवून आणू. आणि कावळा उतरला.

हे त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आवाज खाली घेऊन सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि एकच शब्द उच्चारला, "चर्च?"

तिथून आमच्या घरात संशय शिरला. शेजारच्या क्वार्टरमधल्या वेणूबाई रोज दुपारी येऊन बसत. त्यांनी आठवण काढली की लढाईच्या काळात कारखान्यावर एक गोरा साहेब होता, तो रविवारी न चुकता प्रार्थनेला जाई, आणि त्याच्याच काळात नाना कायम झाले. त्यांच्या आधी लागलेली माणसं मात्र तशीच राहिली होती. "मी काही म्हणत नाही हो," वेणूबाई म्हणाल्या. "पण नुसतं बघायला कोण जातं तिथं?" बाटले हा शब्द त्यांनी वापरला नाही. त्या गेल्यावर तो घरातच राहिला.

आईने नानांची ट्रंक उपसली. कोटाचे खिसे उलटे करून पाहिले. हिरामणला बोलावून उंबऱ्याशी बसवलं, चहा दिला, आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. नाना एकदा जेवताना तसं म्हणाले, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो गेल्यावर आई म्हणाली, "सगळं सांगत नाही हा." मग तिला आठवलं की शेवटच्या दिवशी नानांच्या तोंडात गंगाजळ घालायला गेलो तेव्हा त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

"मी समजले, गिळवत नाहीये," ती म्हणाली. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला होता. "मालू, हे बाटले असतील तर मग तेरावं कुणाचं केलं आपण?"

मी सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या शाळेत शिकवत होते, पुष्कळ वाचलेलं होतं, आणि असल्या प्रश्नांना उत्तरं देण्याची मला सवय होती. पण धर्म बदललेला माणूस पुढे पोचतो की नाही हे मला माहीत नव्हतं. आईला मात्र माहीत होतं. नाना वाटेतच कुठेतरी अडकून राहिले असले, तर पुढे तिला ते कुठेच भेटणार नव्हते. तिचं सगळं एवढ्यावर होतं. माझा संशय निराळा होता. उशिरा येणं, दमणं, लवकर निजणं याचा अर्थ मी कादंबऱ्यांतून शिकले होते. कुलाब्यात एखादी बाई असेल, असं मला वाटत होतं, आणि ते मी आईपासून लपवत होते.

काकांनी दिलेला शब्द काकाच विसरू लागले. कावळा भुकेने उतरला असेल, वहिनी, असं ते एकदा म्हणाले. त्या संध्याकाळी आईने मला सांगितलं, "तुला इंग्रजी वाचता येतं. आपणच जाऊ."

तर आता आम्ही आत होतो. फरशीवर खिडकीतून लाल-निळा उजेड पडला होता. आईने त्यावर पाय दिला नाही, वळसा घालून गेली. भिंतीवर संगमरवरी पाट्या होत्या. तिने त्यांच्याकडे बोट केलं आणि मी वाचून दाखवलं. शंभरावर वर्षांपूर्वी अफगाणांच्या आणि सिंधच्या लढायांत मेलेल्या लोकांची ती आठवण होती.

"सिंध म्हणजे आपल्या कॅम्पातल्या लोकांचं?"

"तेच."

"तिकडं मेलेल्यांची आठवण इकडं," आई म्हणाली. तिने पाटीवरून नजर काढली नाही. "ह्यांचं कोण होतं यात?"

कुणी नव्हतं, असं मी म्हटलं. तिला ते पटलं असं दिसलं नाही.

रखवालदार थोडं अंतर राखून मागून येत होता. त्याच्या येण्याचाही तिला संशय होता. दोन पावलं गेली की ती वळून बघे. एका कडेला दगडी चौथऱ्यावर घंगाळासारखं काही होतं. हे कशाला, असं तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, पोरांना यातलं पाणी लावून नाव ठेवतात. मोठ्या माणसाला आमच्यात यायचं असलं तरी पाणी लागतंच.

आईने वाकून आत पाहिलं. कोरडं होतं. मग तिने चपलांचं पुडकं माझ्याकडे दिलं आणि पिशवीतून नानांची तसबीर काढली. घरातल्या भिंतीवरून ती कधी उतरवली, मला कळलंही नव्हतं.

"ह्यांना लावलंय का पाणी इथं?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने तसबीर घेतली आणि खिडकीच्या उजेडात नेली. बराच वेळ पाहिली. "हे होय," तो म्हणाला.

आईने बाकाची पाठ धरली.

"ओळखता तुम्ही?" मी विचारलं.

"चेहरा ओळखतो. नाव नाय विचारलं कधी. फाटकाशी उभे राहायचे."

आईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "उंच होते, नाही का?" अगदी साधेपणाने तिने विचारलं. ही तिची जुनी रीत. माप कमी दिल्याचा संशय आला की ती दुकानदाराशी अशीच गोड बोले.

"उंच कुठले? माझ्या खांद्याला लागायचे. आणि छत्री. पाऊस नसला तरी छत्री."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. ते कुणाबरोबर यायचे, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"एकटेच," तो म्हणाला. "आणि आत आलेच नाय कधी. मी म्हणायचो, या शेट, बघून जा, कुणी अडवत नाय. तर म्हणायचे, आज नको, घरच्यांना घेऊन येतो. मग बसायचे विचारत. आमच्यातली बाई कुंकू लावून आली तर चालतं का? तिला हात जोडल्याशिवाय राहवणार नाही, कुणी हसणार नाही ना? मी म्हटलं, हसायला इथं असतंय कोण दुपारचं." तो जरा हसला. "एकदा मी बोललो, तुम्ही तरी आधी बघून घ्या. तर म्हणाले, आधी बघितलं तर तिच्यासमोर नव्यानं बघितल्याचं सोंग करावं लागेल. ते मला जमायचं नाय."

मी आईकडे पाहिलं नाही. लांब रस्त्यावरून एक लष्करी ट्रक गेला. खिडक्यांच्या काचा किंचित थरथरल्या आणि थांबल्या.

"यंदा आले नाय," म्हातारा म्हणाला. तसबिरीच्या कडेला हार घालून पडलेला डाग त्याच्या आता लक्षात आला असावा. त्याने ती दोन्ही हातांनी आईला परत दिली आणि कुणाची तरी चाहूल लागल्यासारखं करून बाहेर निघून गेला.

आईने पदराने काच पुसली. "पाणी नाही लावलं," ती म्हणाली.

"नाही."

"आतच आले नाहीत, तर लावणार कसं." हे ती मला सांगत नव्हती. मग म्हणाली, "म्हणजे यातलं त्यांनी काहीच बघितलेलं नाही?"

"बाहेरून मनोरा बघितला असेल."

तिने मान हलवली. तसबीर छातीशी धरली आणि पुढे चालू लागली. आता तिला घाई नव्हती. खिडक्यांवरची चित्रं तिने एकेक करून पाहिली, हा कोण, हा का रडतोय, असं मला विचारलं, आणि मला आलं तेवढं मी सांगितलं. छताचं लाकूड पाहिलं. कमानी जिथे वर जाऊन मिळतात तिथे मान मागे टाकून ती इतका वेळ पाहत राहिली की मी तिच्या पाठीला हात दिला. एका दगडी पानाला तिने बोट लावलं. "कसं वळवलंय," ती म्हणाली. शेवटी वेदीसमोर उभं राहून तिने हात जोडले. कुणी हसलं नाही.

आम्ही परत दाराशी आलो. गाडी सुटायच्या आत बोरीबंदर गाठायला हवं होतं, तसं मी म्हटलंही.

"तू बस इथं," आई म्हणाली. "मी परत जाऊन येते."

"काही बघायचं राहिलं का?"

"माझं झालं," आई म्हणाली.

मी शेवटच्या बाकावर बसले. ती दारापासून पुन्हा निघाली, आताच आत आल्यासारखी, आणि पहिल्या खिडकीपाशी थांबली. मग दुसऱ्या. मधली वाट चांगली रुंद होती. आई तिच्या एका कडेने चालत होती, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.