कवड्या की मण्यार

एकनाथरावांचा तेरावा काल झाला होता. आज सकाळी तारामतीबाई नवऱ्याच्या पुस्तकांचे गठ्ठे हलवत होत्या, आणि गठ्ठ्यामागून साप त्यांच्या अंगठ्याला चावला.

त्या ओरडल्या नाहीत. चिक्कडपल्लीच्या त्या घरात सापाला कुणी मारत नसे. चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाचं घर. बाईंनी सवयीनं रुंद तोंडाची काचेची बरणी आडवी धरली, पट्टीनं साप आत ढकलला, झाकण लावलं आणि मग लेकीला हाक मारली.

"प्रियू, चष्मा आण माझा. कवड्याच दिसतोय. बिनविषारी."

"दुखतंय?"

"छे. मुंगी चावल्यासारखं."

प्रियदर्शिनीनं आईचा हात धरला. तसल्याच दिसणाऱ्या विषारी मण्यारीचा दंशही दुखत नाही.

"आई, चल. आधी दवाखाना."

"अगं, आधी बघ तरी! तिथं विचारलं कुठला साप, तर एकनाथ मास्तरांच्या घरचे काय 'ठाऊक नाही' म्हणणार?"

दुसऱ्या कुठल्याही घरातली माणसं एव्हाना रिक्षात बसली असती. या दोघी बरणीसमोर बसल्या.

साप कात टाकायला आलेला. अंग धुरकट, पट्टे विरलेले. मानेपासून सुरू झाले तर कवड्या, मागून सुरू झाले तर मण्यार. पण सुरू कुठून झाले, तेच दिसेना.

"मानेपासूनच आहेत," आई म्हणाली.

"मला शेपटीकडं दाट वाटतात."

"तुला मेलं नेहमीच उलटं दिसतं."

बाबा म्हणायचे, जातीला आत कुठं गाभा नसतो गं. शंभर कवडे आण, शंभरांचे पट्टे वेगळे. जात म्हणजे मागून चालत आलेली वंशाची साखळी. खुणा आपण आपल्या सोयीसाठी लावतो. विसाव्या वर्षी प्रियदर्शिनीनं हे मैत्रिणींशी भांडून पटवलं होतं. आता तिला तीच एक खूण हवी होती, अशी की जी कधीच चुकत नाही. काचेला नाक लावून ती शोधत राहिली.

तिनं घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं गेली होती.

"ऊठ!" ती इतक्या जोरात म्हणाली, की आई निमूट उठली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "कौनसा साप था अम्मा? पहचाने क्या?"

"कवड्या—" आई सांगू लागली.

"मालूम नै," प्रियदर्शिनी मध्येच म्हणाली. "हमकू मालूम नै डॉक्टर."

आईनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं बाबांचा फोटो भिंतीवरून काढला.

"नै मालूम तो जहरीला समझ के चलते," डॉक्टर म्हणाला. "पास बैठो. आँखां देखते रहो, पलकां गिरे तो आवाज देना."

ती पापण्यांकडं पाहत बसली. आई रुसली होती. तासाभरानं तिनं हात चाचपडत पुढं केला.

"प्रियू, इथले दिवे गेले का गं?"

दिवे लख्ख जळत होते. आईच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, कपाळाला आठ्या घालून ती त्या उचलू पाहत होती आणि त्या उचलत नव्हत्या.

"हो, गेलेत आई. येतीलच," ती म्हणाली, आणि डॉक्टरला हाका मारत दाराकडं धावली.