अध्यक्षांच्या तोंडून

"प्रश्न मी अध्यक्षांना विचारलाय," तादाला म्हणाली.

"मग मी काय भजन म्हणतोय?" पुट्टस्वामी खुर्चीत आणखी रेलला. "टाकी आम्ही बांधली. रस्ता आम्ही केला. शाळेला कंपाउंड आम्ही घातलं. घ्या लिहून. एवढ्या लांबून आलाय, रिकाम्या हाताने कशाला जाता?"

मल्लनकट्टेच्या पंचायतीत अध्यक्षांची म्हणून एकच खुर्ची होती, आणि तीत पुट्टस्वामी बसला होता. निवडून आलेली त्याची बायको, महदेवम्मा, दाराजवळच्या स्टुलावर पदर सावरून बसली होती. पाहुण्यांना कॉफी मिळाली की नाही, एवढ्यावरच तिचं लक्ष होतं. तादालाने महदेवम्माकडे बघून विचारायचं, सोबत आलेल्या तिच्या मैत्रिणीने, पवित्राने, ते कन्नडमध्ये सांगायचं, आणि उत्तर यायचं खुर्चीतून. याआधीच्या खेपांनाही असंच झालं होतं. महदेवम्मा एकदाच बोलली होती, तेही साखर कमी झाली का म्हणून.

परतीच्या बसमध्ये पवित्रा म्हणाली, "सोड गं. सगळीकडे हेच चाललंय. आमच्या गावच्या अध्यक्षबाईंना आपण निवडून आलोय हे हार गळ्यात पडला तेव्हा कळलं. त्याने सांगितलं ते उतरव आणि मोकळी हो."

"आणि प्रबंधाचं नाव काय ठेवू? 'पुट्टस्वामींचे विचार'?"

पवित्रा एवढ्या मोठ्याने हसली की कंडक्टरने वळून पाहिलं. तादाला मात्र खिडकीबाहेर उसाचे फड बघत राहिली.

तादाला न्खोमा मलावीची. शिष्यवृत्ती मिळवून म्हैसूरला राज्यशास्त्रात एम.ए. करायला आली, तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांना तिचा देश नकाशात दाखवता आला नसता, आणि राहिलेल्या निम्म्यांनी दाखवला असता तो चुकला असता. तिने कुणाला हिणवलं नाही. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी नाचणीचं मुद्दे आलं. उत्तरेकडच्या मुली त्या गोळ्याकडे टकामका बघत बसल्या. तादालाने हात धुतले, घास मोडला, बोटांनी वळला, सारात बुडवला आणि न चावता गिळला. तिच्या घरी मक्याच्या पिठाचा असाच गोळा रोज पानात असतो. मेसची सावित्रम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. "ही आपलीच पोर आहे गं," ती म्हणाली, "नुसती लांब जन्मली." तेव्हापासून तिच्या पानात मुद्दे दीडपट पडू लागलं.

विषय तिने स्वतः निवडला होता. तिच्या गावची प्रमुख तिची मावशी. त्यांच्याकडे वारसा आईच्या बाजूने चालतो, त्यामुळे गाव बाईने चालवण्यात कुणाला नवल वाटत नाही. पण मावशीला कायद्याचं बळ नाही, आणि संसदेत बायका थोड्याच. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा कायद्यानेच बायकांना आहेत हे वाचलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. म्हणजे गावोगावी एकेक मावशी, आणि तीही कायद्याच्या बळावर. इथे येऊन बघते तो मावशी स्टुलावर आणि काका खुर्चीत.

तिचे मार्गदर्शक नंजुंडय्या सर मऊ बोलायचे, पण कामात तसूभर हलायचे नाहीत. "नवऱ्याची मुलाखत घेऊन बायकोवर प्रबंधातलं प्रकरण लिहिता येत नाही, अम्मा. अध्यक्ष बोलल्या तर प्रकरण आहे, नाही बोलल्या तर नाही. आणि जूनमध्ये तुझी शिष्यवृत्ती संपते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते एका बाईच्या तोंडाशी. ती बोलली तर तादाला पदवी घेऊन घरी जाणार, नाहीतर तशीच.

ग्रामसभेचं आमंत्रण पुट्टस्वामीनेच दिलं. परदेशातून मुलगी आपल्या पंचायतीचा अभ्यास करायला आली, हे तालुकाभर सांगून त्याची छाती फुगली होती. शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. मंचावर मधल्या खुर्चीत पुट्टस्वामी, त्याच्या दोन्ही बाजूंना गावचे बडे, आणि अगदी टोकाला महदेवम्मा. बायका मागे, सतरंजीवर. तादाला आणि पवित्रा त्यांच्यातच जाऊन बसल्या.

"आता आपल्या पाहुण्यांचा सत्कार," पुट्टस्वामी माइकमध्ये गरजला. शाल, फळांचं ताट आणि डोक्यावर घालायची म्हैसुरी पगडी, सगळा थाट तयार होता. शाल उलगडून तो उभा राहिला. फोटोवाला पुढे सरकला.

तादाला मंचावर चढली ती मान खाली घालूनच. पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरूनच रामायण झालं. तिच्या गावात प्रमुखाकडून काही घ्यायचं तर प्रमुखासमोर दोन्ही गुडघे टेकायचे, तळहात खोलगट करून हळू टाळ्या वाजवायच्या, आणि प्रमुख 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही. चालायला लागल्यापासून तिने हे मावशीपुढे केलं होतं. गावाकडून मान मिळणार म्हटल्यावर तिचे पाय आपोआप गावाच्या प्रमुखाकडे वळले. शाल धरलेल्या पुट्टस्वामीला ओलांडून ती थेट टोकाच्या खुर्चीपुढे गेली आणि महदेवम्मासमोर गुडघ्यावर बसली.

मांडवात त्या हळू टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"अहो, तिकडे नाही, इकडे," पुट्टस्वामी कसनुसं हसत म्हणाला. "उठा, उठा. झालं."

तेवढं कन्नड तादालाला कळत होतं. आपण काय करून बसलो हेही आता कळलं होतं. उठून शालीखाली मान घातली असती तर दोन मिनिटांत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण 'उठा' म्हणणारा माणूस प्रमुख नव्हता. मावशीने शिकवलेलं मोडून एका खुर्चीबळकाव्या माणसाच्या शब्दावर उठायचं, हे काही तिच्याने होईना. ती खाली मान घालून तशीच बसून राहिली.

महदेवम्माने नवऱ्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे. पोरीच्या केसांच्या बारीक वेण्यांकडे ती बराच वेळ बघत होती. "ऊठ, बाळ," ती म्हणाली. कुणीतरी माइक पुढे केला होता, त्यामुळे ते शाळेच्या पलीकडच्या गल्लीपर्यंत गेलं.

तादाला उठली. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं महदेवी, तोंड उघडलंच आहेस तर आमच्या गल्लीच्या नळाचंही बोल."

बायका हसल्या. महदेवम्मा हसली नाही. माइक तिच्या हातात होता. "पाइप आलेत," ती म्हणाली. "ठेकेदार ह्यांच्या मित्राच्या शेताकडून आधी लाइन टाकतोय. मला विचारलं असतं तर आधी तुमची गल्ली धरली असती." मग जरा थांबून म्हणाली, "आता सांगते, आधी तुमची गल्ली."

पुट्टस्वामीच्या हातातली शाल तशीच राहिली.

दोन दिवसांनी पांढरा शर्ट घालून तो म्हैसूरला हजर झाला आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन बसला. ही मुलगी अभ्यासाच्या नावाखाली गावात राजकारण करते, बायकांना चिथावते, पंचायतीची तक्रार आहे, पोलिसात कळवा. अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाम फुटला. परदेशी विद्यार्थ्याने राजकारणात पडायचं नसतं. पोलिसांत गेलं तर व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की प्रबंध राहतो इथे आणि पोरगी विमानात.

त्याने तादालाला आणि नंजुंडय्या सरांना बोलावून घेतलं. "मार्ग सोपा आहे," तो समजुतीने म्हणाला. "सोमवारी ते परत येणार आहेत. तू माफी माग. म्हण, मला इथली रीत माहीत नव्हती, मान तुम्हाला द्यायचा होता, चुकून दुसरीकडे गेला. बस. ते तक्रार मागे घेतील."

तादाला खुर्चीत सरळ बसली. "त्यांच्या कार्यक्रमाचा विचका झाला, त्याची माफी मागते. शंभरदा मागते. पण मी चुकीच्या माणसापुढे गुडघे टेकले असं नाही म्हणणार. अध्यक्ष त्याच आहेत."

"अगं, एका वाक्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच, सर. ते एक वाक्य मी बोलले तर माझ्या प्रबंधात राहतं काय?"

अधिकाऱ्याने हताश होऊन सरांकडे पाहिलं. नंजुंडय्या चष्मा पुसत होते. "मी तिला खोटं लिहायला शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "आता खोटं बोलायला कसं शिकवू?"

बाहेर आल्यावर मात्र तादालाचा धीर सुटला. जिन्यात बसून ती ढसाढसा रडली. मावशीने दोन गायी विकून तिकिटाला हातभार लावला होता. पवित्रा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माग ना माफी," ती म्हणाली. "तो पुट्टस्वामी काय चीज आहे? त्याच्यासाठी वर्ष घालवतेस?" तादालाने डोळे पुसले आणि नाही म्हणून मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचं कौतुक वाटतं ते गुडघे टेकल्याचं नाही, या मान हलवण्याचं. गुडघे सवयीने टेकले गेले होते. हे तिने पूर्ण शुद्धीत केलं.

सोमवारी पुट्टस्वामी वेळेआधीच आला. तादाला, पवित्रा आणि सर समोर बसले. अधिकारी घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात दार उघडलं आणि महदेवम्मा आत आली. काखेत पिशवी, केसांत अबोलीचा गजरा, पायाला लाल धूळ.

पुट्टस्वामी ताडकन उठला. "तू इथे कशी?"

"बसने."

"तुला कोणी सांगितलं?"

"अहो, चहाच्या टपरीवर तुम्ही गावभर सांगत होता ना, सोमवारी पोरीला नाक घासायला लावतो म्हणून. माझे कान शाबूत आहेत." ती अधिकाऱ्याकडे वळली. "मी मल्लनकट्टे पंचायतीची अध्यक्ष."

अधिकाऱ्याने पुट्टस्वामीकडे पाहिलं. "मग आपण कोण?"

"मी... म्हणजे, मीच सगळं बघतो."

"ते ठीक. पण पदावर कोण आहे?"

महदेवम्मा न अडखळता बोलली. "पंचायतीची काही तक्रार नाही, साहेब. ह्या पोरीला ग्रामसभेला मी बोलावलं होतं. ती माझी पाहुणी."

हे काही खरं नव्हतं. तादालाने तोंड उघडलं, तशी पवित्राने टेबलाखालून तिचा पाय दाबला. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान स्पष्ट दिसत होतं. "अध्यक्षांची तक्रार नसेल तर विषय संपला," तो म्हणाला. पुट्टस्वामी बायकोकडे एकदा बघून निघून गेला. मोटारसायकलची किक तीनदा मारल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. बायकोला बरोबर चल म्हणाला नाही.

मग त्या तिघी बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या. "विचार आता," महदेवम्मा म्हणाली. "इतक्या वेळा आलीस, मी एकदाही धड बोलले नाही."

तादालाने विचारलं, आणि या खेपेला उत्तर जिथून यायला हवं तिथून आलं. महदेवम्माने काही राखून ठेवलं नाही. सह्या आपण करतो पण वाचायला कुणी देत नाही. बैठकीच्या दिवशी घरी पाहुण्यांचा स्वयंपाक काढला जातो, म्हणजे जायला नको. आणि पहिल्या वर्षी एकदा हिशेब विचारला, तेव्हा आठवडाभर घरात कुणी बोललं नाही. "मलाही सोयीचं होतं गं," ती म्हणाली. "चूक झाली तर त्यांची. मी आपली स्टुलावर सुखात. हेही लिही."

पवित्रा सांगता सांगता दोनदा थांबली. तादालाचा हात भराभर चालत होता. सगळं झाल्यावर तिने हलकेच विषय काढला. "अम्मा, तुम्ही घाबरू नका. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आमच्या अभ्यासात तशी पद्धतच आहे. माणसाला त्रास होऊ नये म्हणून नाव बदलतात. गावाचंही बदलतात."

महदेवम्माच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग माझ्या जागी काय घालणार?"

"दुसरं काहीतरी. लक्ष्मम्मा म्हणा."

"ही लक्ष्मम्मा कोण?"

"कुणी नाही. नुसतं नाव."

महदेवम्मा थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली, जिकडे मोटारसायकल गेली होती तिकडे. "आता मी घरी जाणार," ती म्हणाली. "घरी माझ्यापुढे काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक आहे. ते ही लक्ष्मम्मा भोगायला येणार आहे का?"

पवित्राने ते जसंच्या तसं तादालाला सांगितलं.

"माझं नाव घाल. गावाचंही खरं घाल."

पद्धत मोडायची तर आधी सरांना विचारायला हवं होतं. तादालाने विभागाच्या इमारतीकडे एकदा पाहिलं. मग वहीत लिहिलेलं लक्ष्मम्मा खोडलं आणि त्याच्या वर खरं नाव लिहिलं.

"वाचून दाखव," महदेवम्मा म्हणाली.

तादालाने वाचलं, "महदेवम्मा. अध्यक्ष, मल्लनकट्टे."

"हं," ती म्हणाली, पिशवी काखेत मारली आणि बस कुठून मिळते ते विचारलं.