ओम गुरुनाथ

गुरुनाथ सबनीसांना चिडायला फारसं कारण लागत नसे, पण या वेळी प्रकरण थेट देवापर्यंत गेलं होतं. शेजारचा हेंड्रिक त्यांना 'ओम गुरुनाथ' म्हणे. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना ओम, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना ओम. दक्षिण आफ्रिकेतून इथे अमेरिकेत, नोव्हायला आलेला हा गोरा इंजिनियर आपल्या हिंदूपणाची टवाळी करतो, असं गुरुनाथांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

आणि आता त्याच हेंड्रिकला त्यांची पेटी हवी होती. दर रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये त्याच्या मुलखातली चार घरं जमत आणि आफ्रिकान्स भाषेत येशूची गाणी म्हणत. हेंड्रिकची आई नव्वदीला टेकलेली. गावच्या चर्चमध्ये पायानं भाता मारायचा ऑर्गन तीच वाजवत असे; इथला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड तिला मुळीच रुचत नव्हता. उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून गुरुनाथांची पेटी ऐकली आणि म्हातारी रडलीच. एकदा त्या सुरावर गायचंय, एवढंच ती मागत होती. येत्या आठवड्यात तिला नर्सिंग होममध्ये हलवणार होते.

"नाही म्हणजे नाही!" गुरुनाथ म्हणाले. "आधी माझी चेष्टा करायची, मग माझीच पेटी मागायची?"

"अहो, त्या म्हातारीनं तुमचं काय घोडं मारलंय?" त्यांची बायको रत्ना म्हणाली. "नसेल द्यायची तर त्याला तोंडावर सांगून या. मी नाही दर वेळी एक्स्क्यूज देणार."

तोंडावर सांगायला गुरुनाथ एका पायावर तयार होते. रविवारी दुपारी ते तरातरा निघाले. बेसमेंटमध्ये उतरताच हेंड्रिकची मुलगी पुढे आली.

"ओम, इथे बसा ना."

पोरीलाही शिकवून ठेवलंय! गुरुनाथ तोंड उघडणार, तेवढ्यात ती सोफ्यावरच्या टकल्या, लालबुंद म्हाताऱ्याकडे वळली. "ओम पीट, जरा सरकता का?"

"हे पण हिंदू आहेत का?" गुरुनाथांनी विचारलं.

हेंड्रिकला आधी काही कळेना. मग कळलं, तसे त्याचे कान लाल झाले. "ओम म्हणजे अंकल. आमच्यात वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. आई कान उपटते. आणि बायकांना तानी म्हणायचं."

म्हणजे काका. ऑफिसातली कालची पोरंही ज्यांना आयुष्यभर नुसतं 'गुरू' म्हणाली, त्यांना हा माणूस भर रस्त्यात काका म्हणत होता. गुरुनाथांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. ते तडक घरी गेले आणि पेटी उचलून घेऊन आले.

गाणं अर्थातच ओळखीचं नव्हतं. म्हातारीनं व्हीलचेअरमधून कापरा सूर लावला. गुरुनाथांनी चाचपत तिची पट्टी शोधली, भाता ओढला आणि तिच्या मागून जाऊ लागले. दोनदा चुकले. बाकीचे हळूहळू तिच्या सुरात मिसळले. म्हातारीचे डोळे मिटले होते, आणि मांडीवरच्या शालीखाली तिचे दोन्ही पाय वरखाली, वरखाली हलत होते. ती ऑर्गनचा भाता मारत होती.

गाणं संपलं. म्हातारीनं डोळे उघडले आणि गुरुनाथांकडे बघून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "अजून एक?"

सत्तरी उलटलेल्या गुरुनाथांच्या मावश्या, आत्या, काकू कधीच्याच गेल्या होत्या. महाराष्ट्र मंडळात तेच सगळ्यांचे काका. स्वतः कुणाला हाक मारावी, असं त्यांच्या वरचं माणूसच उरलं नव्हतं.

"हो, तानी," ते म्हणाले.