स्लेजमधला बेकरीवाला

मी इटलीच्या डोंगरातल्या कोल्लारेआ गावचा बेकरीवाला, देल्फीनो. बासष्ट वर्षं बर्फात काढली, पण पायाला स्की कधी बांधली नाही. वडील म्हणायचे, बेकरीवाल्याचा हात मोडला तर सगळं गाव पावाशिवाय सूप पितं. त्यांनी मला डोंगरावर जाऊ दिलं नाही आणि पुढे मलाही जावंसं वाटलं नाही. त्यामुळे डिसेंबरातल्या एका मंगळवारी ओर्नेल्ला दुकानात येऊन म्हणाली, "देल्फीनो, तुझं वजन किती?" तेव्हा मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय.

ओर्नेल्ला त्या हिवाळ्यात आमच्या स्कीच्या उतारावरच्या बचाव पथकाची प्रमुख झाली होती. पथक म्हणजे सहा जण. उतारावर कोणी पडलं, हात-पाय मोडला, तर त्याला स्लेजमध्ये झोपवून खाली आणायचं हे त्यांचं काम. स्लेजला पुढे दोन लांब दांडे असतात. त्यांच्या मधे स्कीवर उभं राहून एकजण ती ओढतो, वळवतो, थांबवतो. आतापर्यंत प्रत्येक जण स्वतःच्या स्की वापरायचा. आता लोकांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या सहकारी मंडळाने ठरवलं होतं की सहाही जणांना एकाच प्रकारची जोडी घ्यायची. धार लावणं, मेण चढवणं, सुटे भाग, सगळं एकसारखं होईल. कुठली जोडी घ्यायची ते ओर्नेल्लाने ठरवायचं होतं, आणि पथकातली सहाही माणसं सहा दिशांना तोंड करून उभी होती.

मी वजन सांगितलं. एकशे चार किलो.

"छान," ती म्हणाली. "दरवर्षी आम्ही सराव वाळूच्या पोत्यांवर करतो. पण पोतं बोलत नाही. मला बोलणारं वजन हवंय."

तर असा मी गुरुवारी सकाळी, पावाचं काम आटपून, नऊच्या सुमाराला वर गेलो. खालच्या खोऱ्यातल्या दुकानदाराने दोन जोड्या वापरून बघायला पाठवल्या होत्या. एक भली रुंद, ती ईवोला हवी होती. ईवो सत्तावीस वर्षांचा आणि ताज्या मऊ बर्फाचा वेडा. दुसरी करड्या रंगाची, मध्यम रुंदीची, मध्यम लांबीची. ती कोणालाच नको होती. ईवो तिला "ना धड इकडची ना धड तिकडची" म्हणत होता. तिसरी जोडी रेमीजोची स्वतःची. लांब, अरुंद, आत धातूचा पत्रा, वाकवायला गेलं तर माणूस वाकेल अशी. सगळ्यांनी असलीच घ्यावी, असं रेमीजोचं मत होतं.

रेमीजो माझ्याबरोबर शाळेत होता. चाळीस वर्षं तो पथकात आहे. ओर्नेल्लाला स्लेज ओढायला त्यानेच शिकवलं. ती आता त्याची साहेब, पण त्याला अजून 'बार्बा रेमीजो'च म्हणते. आमच्या खोऱ्यात काकाला बार्बा म्हणतात, सख्खा असो वा नसो.

त्यांनी मला स्लेजमध्ये निजवलं, घोंगडी गुंडाळली, पट्टे आवळले. रेमीजो वाकून म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कणकेला कसं वाटतं ते कळेल तुला."

वरून खाली तीन जागा ठरल्या होत्या. आधी मुख्य उतार, सकाळी तो काचेसारखा कडक असतो. मग मधला पट्टा, तिथे ऊन आलं की बर्फ ओला आणि जड होतो. शेवटी लार्चच्या झाडांमधली वाट, तिथे कोणी बर्फ दाबत नाही, नुसते खड्डे आणि उंचवटे. ओर्नेल्ला, ईवो आणि रेमीजो, तिघांनी तिन्ही जोड्यांवर मला खाली आणायचं. म्हणजे नऊ फेऱ्या. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आडवं पडलेल्या माणसाला फक्त आकाश दिसतं आणि ओढणाऱ्याची पाठ. मग उरतात कान आणि पोट. ईवोच्या रुंद जोडीवर कडक उतारावर सगळी स्लेज थरथरत बाजूला सरकत गेली. माझे दात वाजत होते. पण झाडांमधे तीच जोडी होडीसारखी चालली. रेमीजोच्या लांब जोडीवर ओर्नेल्लाने मला कडक बर्फावरून असं आणलं, की आगगाडीत बसल्यासारखं वाटलं. झाडांमधे मात्र तिला ती जोडी वळवताना घाम फुटला. करड्या जोडीबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कडक बर्फावर बरी, ओल्यात बरी, झाडांत बरी. एका फेरीत तर मी जेवणाचा विचार करत होतो.

मग स्वतःच्या लांब जोडीवर रेमीजोची फेरी आली. डावीकडे वळताना तो नेहमीचा रेमीजो, झोकदार. उजवीकडे वळताना स्लेज किंचित डाव्या अंगाला कलायची, आणि मला एक आवाज यायचा. दातांमधून ओढलेल्या श्वासाचा. प्रत्येक उजव्या वळणाला. झाडांमधे पोचेपर्यंत तो श्वास कण्हण्यासारखा झाला होता. उजवीकडे वळताना भार डाव्या पायावर येतो, एवढं न स्की करणाऱ्यालाही इथे राहून कळतं. करड्या जोडीवर त्याची फेरी झाली तेव्हाही आवाज होता, पण अधूनमधून, हलका.

दुपारी पथकाच्या खोलीत मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि तोमा चीज खाताना ओर्नेल्लाने मला विचारलं. मी जोड्यांबद्दल सगळं खरं सांगितलं. श्वासाबद्दल बोललो नाही. रेमीजो माझ्या ताटाकडे बघत होता. मी पुढचा घास घेतला तेव्हा त्याने पाव मोडला आणि खायला लागला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, गिऱ्हाईक संपल्यावर, तो दुकानात आला. दाराच्या पायऱ्या तो लहान मुलासारखा, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढला. पूर्वी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तू काल काय ऐकलंस?" त्याने विचारलं.

"श्वास."

तो खुर्चीवर बसला. गुडघ्याची वाटी झिजली आहे, कूर्चा उरलीच नाही, असं डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हणे. बायकोलाही त्याने अर्धंच सांगितलं होतं. लांब जोडीचा हट्ट का, तर कडक उतारावर ती स्वतःच धरून राहते, माणसाला फार काही करावं लागत नाही. बाकी ठिकाणी दात आवळून निभवत होता.

मी म्हणालो, "आत मी होतो म्हणून ठीक. उद्या कोणाची तरी मोडलेली मांडी असेल. तू सांग तिला, नाहीतर मला सांगावं लागेल."

"शाळेतही असाच होतास तू," तो म्हणाला. "चुगलखोर." पण उठला नाही. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता.

मग ओर्नेल्ला पथकाचे पाव न्यायला आली. मला वाटलं तो कॉफी संपवून निघून जाईल. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "डावा गुडघा गेलाय माझा. दोन वर्षं झाली."

तिने पावाची पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण तिचा चेहरा लाल झाला.

"मला आधी सांगायला हवं होतं, बार्बा."

"सांगितलं असतं तर तू मला तिकीटखिडकीत बसवलं असतंस."

"बसवलं असतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. स्लेजमध्ये जो झोपलेला असतो त्याच्यासाठी. हे तुम्हीच मला शिकवलंत."

त्याने मान हलवली. मग तोच म्हणाला की मुख्य उतारावरची स्लेज आता तो ओढणार नाही. खालचा सोपा पट्टा आणि झाडांमधली वाट तेवढी त्याच्याकडे ठेवावी. तिथली प्रत्येक मुळी त्याला माहीत होती. ओर्नेल्लाने मागितलेलं दिलं, पण दोन अटी घातल्या. सोबत नेहमी दुसरा माणूस, स्लेजचा मागचा दोर धरून, आणि एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया.

जाताना तिने सांगितलं की ती सगळ्यांसाठी करडी जोडी मागवणार आहे. रेमीजो फुरफुरला. "माझी दया येऊन घेत असशील तर घेऊ नकोस."

"दया कसली? काल शेवटच्या फेरीला माझेही पाय थरथरत होते. सकाळी नऊला आपण कुठलीही जोडी वाकवू शकतो. दुपारी चार वाजता आपण सगळेच साठीचे असतो. त्या वेळी जी जोडी माफ करते, ती हवी मला."

ईवो दोन दिवस रुसला. मग त्याने सुट्टीच्या दिवसांसाठी ती रुंद जोडी स्वतःच्या पैशाने घेतली, आणि पथकाच्या करड्या जोडीबद्दल पुन्हा बोलला नाही. फेब्रुवारीत एकदा मीच त्याला विचारलं, तर म्हणाला, "पायात आहे हे लक्षातच राहत नाही." त्याच्या तोंडून हे मोठंच कौतुक होतं.

रेमीजोने त्याच्यासाठी आलेली जोडी आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवली. मग एका रविवारी झाडांमधे तोरिनोच्या एका शिक्षिकेचा घोटा मुरगळला, आणि जवळ तोच होता. त्याने करड्या जोडीवर तिला खाली आणलं. मागचा दोर ईवोकडे होता. लिफ्टपाशी पोचल्यावर तिने विचारलं की आता निघायचं का. तिला वाटलं होतं, अजून सुरुवातच व्हायची आहे.

हे मला ईवोने सांगितलं. रेमीजोने नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट बंद झाली आणि सोमवारी मी रेमीजोला माझ्या गाडीतून कुनेओच्या इस्पितळात सोडलं. वाटेत तो खोऱ्यातल्या प्रत्येक गावाच्या पावाला नावं ठेवत होता. दारापाशी उतरला, छोटी बॅग खांद्याला अडकवली, आणि मला म्हणाला, "थांबू नकोस. तुला कणीक मळायची असेल."

मी तरीही, तो आत दिसेनासा होईपर्यंत थांबलो.